लग्न दिसलं, घर कधी दिसणार?

'सध्या काय बघताय?' असं वस्तीतल्या तरुणांना विचारलं की आम्हाला आजही 'दहाड' आणि 'मेड इन हेवन' ही नावं ऐकू येतात. २०२३ मध्ये 'दहाड'मधली अंजली भाटी जातीचे टोमणे ऐकूनही न झुकणारी पोलीस अधिकारी म्हणून समोर आली. त्याच वर्षी 'मेड इन हेवन'च्या दुसऱ्या पर्वात पल्लवी मेनके बौद्ध पद्धतीनेही लग्न व्हावं, असा आग्रह धरते. त्या भागाचे दिग्दर्शक होते नीरज घायवान.

पण आपल्या घरी रोज रात्री चालतात त्या मराठी मालिका. स्टार प्रवाहने २०१९ मध्ये बाबासाहेबांवर मालिका आणली, तिचं आपण स्वागतच केलं. मात्र बाबासाहेब पडद्यावर आले तरी त्यांचा आजचा समाज कौटुंबिक मालिकांत क्वचितच दिसतो. तेच देवघर, तेच सण, तीच आडनावं. आपली आई, बहीण हेच घर 'सर्वसाधारण' समजून पाहते आणि बुद्धवंदना होणारं स्वतःचं घर मात्र वेगळं ठरतं.

घायवान दिग्दर्शकाच्या खुर्चीत होते, म्हणून ते लग्न इतक्या आपलेपणाने दिसलं, असं आम्हाला वाटतं. तेव्हा मित्रांनो, स्टेटस जरूर ठेवा; पण पटकथा, कॅमेरा, संकलनही शिका. आपलं घर आपल्यालाच लिहावं लागेल.