कौले उतरवण्याआधी



उसाचे बिल बँकेत जमा झाले की कुणाच्या दारात मोटारसायकल येते, कुणाच्या मुलीचे लग्न निघते आणि हल्ली बऱ्याच घरांची कौले उतरतात. आम्ही प्लॉट पाहायला बांधावर गेलो, की लागणीचे बोलणे संपल्यावर हटकून विचारणा होते, "साहेब, यंदा पत्रा टाकू का?" आम्ही शेतकी पदविकेची माणसे, बांधकामातले जाणकार नव्हे. तरी आमचे मत सांगतो. पटले तर घ्यावे.

गेल्या वैशाखात आम्ही खारघरला आत्याबाईंकडे गेलो होतो. सिडकोच्या उंच इमारतींच्या गराड्यात तिथले जुने गावठाण अजून आहे, त्यात त्यांचे घर. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात बरीच कौले उडाली. परतून द्यायला माणूस मिळेना, म्हणून आतेभावाने पुढच्या दोन खोल्यांवर पत्रा टाकला. मागच्या पडवीवर तेवढी जुनी कौले राहिली. दुपारी बाराला पुढच्या खोलीत पंख्याखालीही बसवेना. आत्याबाई म्हणाल्या, "अरे, तिथं कशाला घाम गाळतोस? मागं ये." त्या स्वतः उन्हाळाभर दुपारच्या पडवीतच असतात. घर तेच, ऊन तेच, फरक फक्त छपराचा.

उन्हाला हलके समजू नये. याच खारघरच्या उघड्या मैदानावर १६ एप्रिल २०२३ रोजी कार्यक्रमाला आलेली दहाहून अधिक माणसे उष्माघाताने दगावली. तापल्या पत्र्याखालचे म्हातारे माणूस, बाळंतीण, तान्हे मूल यांना हेच ऊन घरात बसल्या जागी गाठते. कौल जाड मातीचे, हळू तापते, आणि दोन कौलांच्या फटीतून गरम हवा निघून जाते. पत्रा पातळ, वर तापला की खाली लगेच आच लागते.

म्हणून पत्रा वाईटच, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. शंभर चौरस फुटांना मंगलोरी कौले १४०-१५० लागतात, त्यांचे वजन तीन-साडेतीन क्विंटलच्या घरात जाते. तेवढ्याच जागेचा अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा अर्ध्या क्विंटलच्या आसपास भरतो. वासे वाळवीने खाल्लेले असतील, भिंत फुगली असेल, तर डोक्यावरचा भार कमी केलेला बरा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि वरचे मातीचे जड धाबे यांनीच माणसे गाडली. शिवाय दरवर्षी कौले परतायची, माकडांनी फोडलेली बदलायची, हा त्रास ज्याचा त्यालाच ठाऊक.

मग ठरवायचे कसे? खोडवा ठेवायचा की मोडायचा, हे आपण जसे ठरवतो, तसेच. खोडके निरोगी असतील तर नांगे भरून खोडवा ठेवतो. रोग मुळात गेला असेल तरच नांगर घालतो. छपराचेही तसेच. आधी शिडी लावून वर चढा. आढे आणि वासे टोचून पाहा. लाकूड टणक असेल तर खराब रिपा आणि फुटकी कौले बदला, छप्पर पुढे कैक वर्षे चालेल. लाकूडच गेले असेल तर पत्रा टाका, पण नीट टाका.

नीट म्हणजे छप्पर थोडे उंच घ्यावे, खाली छत करावे आणि मधली हवा निघायला दोन्ही बाजूंना झडपा ठेवाव्यात. वरून पांढरा रंग द्यावा. बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावर मारावेत, खोलगट भागात मारले तर तिथून गळते. हलका पत्रा वारा आधी कडेनेच उचलतो, म्हणून वळचणीला आणि आढ्याला बोल्ट जवळजवळ हवेत. नुसते दगड ठेवून भागवू नये, वादळात दगडच कुणाच्या डोक्यात बसायचा. सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते, त्याची धूळ फुप्फुसाला घातक. घरात तो करवतीने कापू नये, जुना असेल तर फोडू नये.

आणि एक. उतरवलेली चांगली कौले भंगाराच्या भावात देऊ नका, गोठ्यावर घाला. उन्हाने दमलेली म्हैस दूध आखडते, हे सभासदांना आम्ही काय सांगावे!

आमचे मत एवढेच, की शेजाऱ्याने पत्रा टाकला म्हणून आपणही टाकू नये. बिलाचे पैसे हातात आले की आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "दुपारी तुम्ही कुठं बसता?" त्या उत्तरावरून छप्पर ठरवा.