विश्लेषण : पन्नाशीच्या उंबरठ्यावर पहिली मोठी संधी, ८५व्या वर्षी पुरस्कार… लिझ स्मिथ यांच्या कारकीर्दीचा खरा धडा कोणता?

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांत आजी म्हटले की आजही अनेकांना लिझ स्मिथ आठवतात. वयाच्या ४९व्या वर्षी त्या खेळण्यांच्या दुकानात विक्रेत्या होत्या. त्यानंतरची जवळपास चार दशके त्यांनी पडदा गाजवला. ही कहाणी ‘उशीर कधीच झालेला नसतो’ या सुविचाराखाली सांगितली जाते. मात्र ती नीट पाहिली तर सुविचारापेक्षा वेगळे आणि अधिक उपयोगाचे काही हाती लागते.

लिझ स्मिथ कोण होत्या?

त्यांचे मूळ नाव बेटी ग्लीडल. जन्म ११ डिसेंबर १९२१ रोजी लिंकनशायरमधील स्कन्थॉर्प या पोलादनगरीत झाला. लहानपणीच आई गेली, वडील सोडून गेले आणि आजीने त्यांना वाढवले. दुसऱ्या महायुद्धात त्या ब्रिटिश नौदलाच्या महिला दलात होत्या. पती जॅक थॉमस यांची ओळख भारतातील वास्तव्यात झाली. दोन मुले झाली, पुढे घटस्फोट झाला आणि मुलांची जबाबदारी एकट्या स्मिथ यांच्यावर आली. घर चालवण्यासाठी त्यांनी कारखान्यात आणि दुकानांत मिळेल ते काम केले. उरलेल्या वेळात चार्ल्स मॅरोविट्झ यांच्या नाट्यगटात त्या उत्स्फूर्त अभिनयाचे धडे गिरवत होत्या.

पहिली मोठी संधी कशी मिळाली?

१९७०च्या नाताळात लंडनच्या ‘हॅम्लीज’ या प्रसिद्ध दुकानात त्या खेळणी विकत होत्या. तेव्हा माइक ली या तरुण दिग्दर्शकाचा निरोप आला. त्यांच्या ‘ब्लीक मोमेंट्स’ (१९७१) या पहिल्या चित्रपटासाठी मध्यमवयीन स्त्री हवी होती. ली तयार संहिता हाती देत नाहीत. कलाकारांकडून उत्स्फूर्त प्रसंग करवून घेत पात्र घडवतात. त्यामुळे अशा पद्धतीत मुरलेली, पण प्रेक्षकांना अनोळखी असलेली अभिनेत्री त्यांना हवी होती. मॅरोविट्झ यांच्याकडची वर्षे इथे कामी आली. १९७३ मध्ये बीबीसीच्या ‘प्ले फॉर टुडे’ या नाट्यमालेतील ‘हार्ड लेबर’मध्ये ली यांनी त्यांना मुख्य भूमिका दिली. दुसऱ्यांच्या घरची साफसफाई करणारी, घरातही राबणारी आणि कोणाच्या खिजगणतीत नसलेली ती बाई होती.

मग हा ‘जिद्दीचा विजय’ नाही का?

जिद्द होतीच, पण तेवढीच नव्हती. एकटीने मुले वाढवणाऱ्या बाईला नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरता येत नाही, दिवसाढवळ्या चाचण्यांना जाता येत नाही. रंगमंचाचा व्यवसाय अशा बाईला सोयीचा नव्हता, म्हणून तिची वीस वर्षे दुकानात आणि कारखान्यात गेली. त्या वर्षांना ‘अनुभवाची शिदोरी’ म्हणणे गोड वाटते, पण ते नुकसान होते. स्मिथ यांचे आणि प्रेक्षकांचेही.

दार उघडले तेही आपोआप नव्हे. एका दिग्दर्शकाला सामान्य चेहरे हवे होते आणि बीबीसीसारखी परवाना शुल्कावर चालणारी संस्था कामगार वस्तीतील माणसांवर नाटके करायला पैसे देत होती. या दोन गोष्टी जुळल्या नसत्या, तर तीच जिद्द विक्री काउंटरमागेच राहिली असती. धीर धरा, असे कलाकाराला सांगताना संस्थांनी काय करावे हेही सांगायला हवे.

विनोदाने त्यांना काय दिले?

‘अ प्रायव्हेट फंक्शन’ (१९८४) या ॲलन बेनेट लिखित चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्तम सहायक अभिनेत्रीचा बाफ्टा मिळाला. युद्धानंतरच्या रेशनिंगच्या काळात चोरून पाळलेल्या डुकराची ही गोष्ट. त्यात त्या मॅगी स्मिथ यांची म्हातारी आई झाल्या. प्रत्यक्षात दोघींच्या वयात अंतर होते अवघे १३ वर्षांचे! पडद्यावर बाईला किती लवकर म्हातारी केले जाते, याचा हा नमुना. पन्नाशीनंतर आलेल्या अभिनेत्रीसमोर आई आणि आजी याखेरीज फारसे पर्याय नव्हते.

तरीही त्या आज्या एकसारख्या नाहीत. ‘द व्हिकर ऑफ डिब्ली’ ही मालिका १९९४ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी चर्च ऑफ इंग्लंडने स्त्रियांना प्रथमच धर्मगुरूपदाची दीक्षा दिली होती. त्यात स्मिथ यांची लेटिशिया क्रॉप्ली केकमध्ये भलतेच पदार्थ घालून गावाला प्रेमाने खाऊ घालते. विनोद पदार्थात आहे, पण तो फुलतो तिच्या निरागस आत्मविश्वासामुळे. आपण हास्यास्पद आहोत, हे त्या पात्राला ठाऊकच नसते.

‘द रॉइल फॅमिली’तील नाना वेगळी का ठरली?

कॅरोलाइन अहर्न आणि क्रेग कॅश यांची ही मालिका १९९८ मध्ये आली. मँचेस्टरमधील एक कामगार कुटुंब, एक दिवाणखाना आणि सतत चालू असलेला टीव्ही. मागून हशा पेरलेला नाही. अशा ठिकाणी अभिनेत्याला टाळीचे वाक्य मिळत नाही. खुर्चीत बसून, नजरेने आणि विरामांनीच काम साधावे लागते. स्मिथ यांची नाना म्हणजेच नॉर्मा चिकट आहे, आपमतलबी आहे, जावयाच्या डोक्यात जाणारी आहे. ती एकटीही आहे आणि ते कोणी बोलून दाखवत नाही. २००६च्या ‘द क्वीन ऑफ शीबा’ या विशेष भागात तिचा पलंग त्याच दिवाणखान्यात येतो आणि शेवटी तिचा मृत्यू होतो. आठ वर्षे जिला हसलो, तिच्यासाठी प्रेक्षक रडले. या भूमिकेसाठी २००७ मध्ये, वयाच्या ८५व्या वर्षी, त्यांना ब्रिटिश कॉमेडी पुरस्कारांत सर्वोत्तम दूरचित्रवाणी विनोदी अभिनेत्रीचा मान मिळाला.

आक्षेप काय आणि उत्तर काय?

अशा अभिनेत्री आयुष्यभर दुय्यमच राहतात, चेहरा ओळखीचा आणि नाव अनोळखी, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. टिम बर्टन यांच्या ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’त (२००५) पलंगावरची आजी जॉर्जिना आपल्याकडेही अनेकांनी पाहिली असेल, पण ती साकारणाऱ्या अभिनेत्रीचे नाव क्वचितच कोणाला सांगता येईल.

मात्र उपाय प्रत्येक चरित्र अभिनेत्रीला नायिका करणे हा नाही. आजीच्या पात्रालाही हाव, खोड्या, भीती आणि स्वतःचे म्हणणे असू शकते, हे लेखकांनी मान्य करणे हा आहे. नाना लक्षात राहिली ती तिला ‘गोड आजी’ केले नाही म्हणून. म्हातारपणाला देव्हाऱ्यात बसवणारे लेखन अभिनेत्रीच्या हाती काहीच ठेवत नाही.

स्मिथ यांना २००९ मध्ये ‘एमबीई’ हा सन्मान मिळाला. त्याच वर्षी प्रकृतीमुळे त्यांनी निवृत्ती घेतली आणि २४ डिसेंबर २०१६ रोजी वयाच्या ९५व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कारकीर्दीकडे पाहून पन्नाशीतील कलाकारांना हुरूप यावा, हे चांगलेच. पण ती पाहून अस्वस्थ व्हायला हवे ते भूमिका वाटणाऱ्यांनी. कारण निरोप न आलेल्या किती लिझ स्मिथ काउंटरमागेच राहिल्या, याची नोंद कुठेच नाही.