‘काहीतरी चुकले आहे’ म्हणजे नेमके काय?

पावसाळ्यात पोलादपूरच्या एस. टी. स्थानकावर महाबळेश्वरची गाडी आली नाही आणि चौकशीच्या खिडकीतून “गाडी रद्द” एवढेच उत्तर आले, तर कोणताही प्रवासी त्यावर गप्प बसत नाही. का रद्द? घाट बंद आहे. घाट का बंद? आंबेनळीत दरड आली आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हेच झाले होते. ‘दरड’ हा शब्द कानी पडला की पुढच्या गाडीची वाट पाहण्यात अर्थ नाही, हे माणसाला कळते आणि तो पिशवी उचलतो.

संगणकापुढे मात्र आपण “गाडी रद्द” एवढ्यावर मान खाली घालून परत फिरतो. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना एका संकेतस्थळाने मला तीन दिवस एकच वाक्य ऐकवले : “काहीतरी चुकले आहे. पुन्हा प्रयत्न करा.” पुन्हा प्रयत्न करणे म्हणजे वाडीवरून पुन्हा महाडला येणे, पुन्हा एस. टी.चे भाडे. घरात कॉलेजची पायरी चढलेले दुसरे कोणी नाही, विचारायचे कोणाला? चौथ्या दिवशी सायबर कॅफेतल्या मुलाने उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो लहान करून दिला आणि अर्ज गेला. फाइल किती मोठी चालेल हे त्या पानावर कुठेच लिहिलेले नव्हते. फाइल मोठी आहे हे प्रोग्रामला मात्र ठाऊक होते, म्हणूनच तर त्याने ती नाकारली!

मग सांगितले का नाही? प्रोग्रामची रचना कचेरीसारखी असते, टेबलामागे टेबल. फाइल तपासणारा भाग सगळ्यांत आत. तो नकाराचा शेरा लिहून वरच्या टेबलाकडे देतो. वरच्याने तो शेरा टोपलीत टाकून स्वतःचा गुळमुळीत शेरा लिहिला, की कारण तिथेच मेले. खालचा शेरा टाचणीने आपल्या शेऱ्याला जोडून पुढे पाठवणे, एवढीच खरी युक्ती. जावा या संगणक-भाषेत ही सोय २००२ साली आली, पायथनमध्ये २००८ साली. म्हणजे साधन नाही ही सबब चालणार नाही.

मराठीच्या विद्यार्थ्याला यात एक गंमत दिसते. जावा आधी परिणाम सांगते आणि मग त्याखाली कारण. पायथन आधी मूळ कारण छापते आणि मग त्यातून काय उद्भवले ते. एकीचे उभयान्वयी अव्यय ‘कारण’, दुसरीचे ‘म्हणून’! अर्ज भरणाऱ्याला मला वाटते ‘कारण’ बरे : “अर्ज दाखल झाला नाही, कारण उत्पन्नाचा दाखला जोडता आला नाही, कारण त्याची फाइल ठरलेल्या मापापेक्षा मोठी आहे.” प्रत्येक पायरीवर ‘अयशस्वी, अयशस्वी’ असा घोष मात्र नको. काही प्रोग्राम तेवढेच करतात. साखळी लांबते, कळत काहीच नाही.

आतले सगळे उघड केले तर चोरांचे फावेल, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. सांकेतिक शब्द, यंत्राचे आतले पत्ते पडद्यावर येऊ नयेत. ते दुरुस्ती करणाऱ्याच्या नोंदवहीत राहावेत आणि आपल्याला त्या नोंदीचा क्रमांक मिळावा. पण माझ्याच दाखल्याची फाइल मोठी आहे, हे माझ्यापासून लपवून कोणते रहस्य राखले जाते?

आणि भाषा! ‘अवैध दस्तऐवज’ असा संदेश आला की आमच्याकडची आई घाबरते. वर्तमानपत्रात ‘अवैध’ हा शब्द दारू आणि वाळूउपसा यांच्याच शेजारी भेटतो. तहसीलदारांच्या सहीशिक्क्याचा दाखला अवैध कसा? सांगायचे असते ते इतकेच, की फाइलचा प्रकार चालत नाही. हा शब्द निवडणाऱ्याने इंग्रजी शब्दाला प्रतिशब्द शोधला, वाचणारा माणूस डोळ्यांपुढे आणला नाही.

हे काम केवळ विज्ञान शाखेचे आहे, असे मला वाटत नाही. आपल्या मराठी विभागाने एक तास काढावा. विद्यार्थ्यांनी आपापल्या फोनवर टिपून ठेवलेले असे संदेश आणावेत, आणि प्राध्यापकांनी वाक्यपृथक्करणाला पाठ्यपुस्तकातल्या वाक्यांऐवजी तेच फळ्यावर लिहावेत. ‘काहीतरी चुकले आहे’ यातला कर्ता कोण, हा पहिला प्रश्न माझ्याकडून.