माळावरचं गवत कोणाचं?



मागच्या वैशाखात आमच्या शिवारात एक रोही विहिरीत पडली. विहिरीला कठडा नाही, तळाला कमरेएवढं पाणी. त्या पाण्यासाठीच आली असणार. सकाळी ढोरं घेऊन गेलेल्या पोरांनी पाहिलं आणि आरोळी दिली. तासाभरात अर्धं गाव जमलं. ज्यांच्या तुरीचे शेंडे रोह्यांच्या कळपाने खुडून खाल्ले होते, तेसुद्धा चऱ्हाट घेऊन आले. दोन गडी खाली उतरले, तिच्या पोटाखालून दोर घातला आणि वरून वीस-पंचवीस माणसांनी ओढली. वर आल्यावर ती जरा वेळ थरथरत उभी राहिली, एकाला लाथ मारली आणि माळाकडे पळाली. सगळे हसले. एक म्हातारी म्हणाली, "जाऊ द्या तिले, पोटुशी दिसते."

त्याच शिवारात दिवाळीच्या सुमारास एका वावराच्या धुऱ्यावर काळवीट मरून पडलं. रानडुकरांसाठी तारेत करंट सोडला होता. पहाटे शेण वेचायला निघालेली एक पोरगी त्या तारेकडेच चालली होती. पुढे मेलेलं जनावर दिसलं म्हणून ती चार हातांवर थांबली. काळवीट मेलं नसतं तर पोरगी मेली असती. तार लावणारा माणूस परका नव्हता. तो आपल्या संघटनेतला, मोर्च्यात आपल्यासोबत चालणारा.

जनावर वर काढणारं गाव आणि तारेत करंट सोडणारं गाव एकच. म्हणून हे लिहायला बसलो.

मुक्या जनावरांवर दया करा, असं सांगायला अधूनमधून शहरातून माणसं येतात. आम्ही ऐकून घेतो. पण दया आपल्या घरात नवी नाही. पोळ्याच्या आदल्या सांजेला आपण बैलांची खांदमळणी करतो. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवलं, तो खांदा हाताने चोळतो. खळ्यावर रास उचलताना चार दाणे पाखरांसाठी मागे राहतात. आणि फासेपारधी बांधवांना तर इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का 1952 मध्ये निघाला, पण लोकांच्या मनातून अजून निघालेला नाही. याच फासेपारध्यांची एक रीत माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी नोंदवून ठेवली आहे. फाशात गाभण हरणी किंवा पाडस सापडलं तर ते सोडून द्यायचं. शिकारीवर पोट असलेल्या माणसाने हातातलं मांस सोडून देणं ही सोपी गोष्ट नाही. कळप उरला तर पुढच्या वर्षी आपण उरू, हे शहाणपण त्यामागे होतं.

मग आज करंट का सोडावा लागतो? दया आटली म्हणून? आम्हाला तसं वाटत नाही.

जागलीला जाणाऱ्या माणसाची रात्र आठवा. थंडीत माळ्यावर एक गोधडी, हातात टॉर्च, टिनाचा डबा बडवायचा, फटाके फोडायचे. एका बाजूने हाकललेला कळप दुसऱ्या बाजूने शिरतो. डुकरं एका रात्रीत हरभरा नांगरल्यासारखा उलटा करून जातात. दोन एकरांत चार माणसांचं वर्ष काढायचं असतं. बँकेचं नाही, पण सावकाराचं देणं असतंच. अशा माणसाला कोणी दयेवर प्रवचन दिलं तर तो उठून जाईल, आणि त्याचं काही चुकणार नाही.

सरकारकडे पिकाच्या नुकसानीची भरपाई आहे. नुकसान झाल्यापासून 3 दिवसांत वनविभागाकडे अर्ज द्यायचा, मग पंचनामा होतो. गाय, बैल, बकरी वाघ-बिबट्याने मारली तर 48 तासांच्या आत कळवायचं आणि मढं जागचं हलवायचं नाही. हे प्रत्येकाने ध्यानात ठेवा. उशीर झाला म्हणून कितीतरी अर्ज पडून राहतात. पण खरी अडचण पुढेच आहे. अर्जासोबत सातबारा लागतो. ज्याची जमीन वीस-तीस वर्षं कसूनही कागदावर 'अतिक्रमण' आहे, त्याच्या वावरातलं नुकसान कागदावर होतच नाही. डुकराने खाल्लं ते त्याच्या एकट्याच्या घरातलं गेलं. तार लावणारा आपला साथी असाच बिनकागदाचा कास्तकार आहे. त्याची चूक आम्ही झाकत नाही. पण त्याच्या हाती पट्टा असता तर त्याच्याकडे तारेशिवाय दुसरा रस्ता असता. जमिनीचा हक्क आणि जनावरावरची माया हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

आता एक अवघड गोष्ट. आपल्याच साथींना ती आवडणार नाही, तरी बोललीच पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात घनदाट जंगल थोडं, माळ जास्त. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य जेमतेम 18 चौरस किलोमीटरचं आहे. हरणाला हद्दीचे खांब कळत नाहीत. ते चरतं ई-क्लासवर, पडीत माळावर आणि आपल्या वावरात. सरकारी कागद या माळाला 'पडीक' म्हणतो. पण माळ रिकामा नाही. गवतात तणमोर अंडी घालतो, आणि तीही उघड्या जमिनीवर. पावसाळ्यात नर गवतातून वर उडी मारतो, खाली बसतो, पुन्हा उडी मारतो. जुन्या माणसांनी हे पाहिलं आहे, पोरांनी बहुतेक पाहिलेलं नाही. साऱ्या जगात हे पाखरू आता हजाराच्या आत उरलं आहे. त्याला बंदुकीने जेवढं मारलं नाही तेवढं नांगराने मारलं. अकोला-वाशिमच्या फासेपारध्यांनीच कारंज्याच्या 'संवेदना' संस्थेसोबत तणमोर आणि त्याचा माळ राखायचं काम हाती घेतलं. ज्यांना गुन्हेगार म्हटलं तेच राखणदार झाले, ही आपल्या जिल्ह्याची गोष्ट शाळेच्या पुस्तकात यायला पाहिजे.

आपण भूमिहीन. ई-क्लासवर आपला दावा आहे आणि तो आम्ही सोडणार नाही. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणं कायम करण्यासाठी 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय आहे. त्याची अंमलबजावणी मागत आपल्या किती जणांचे केस पांढरे झाले. पण हक्क मागताना माळाचं शेवटचं टोकसुद्धा नांगराखाली घालायचं का? तसं केलं तर आपल्या गाई-बकऱ्या कुठे चरतील? गवत संपलं की हरीण सरळ आपल्या हरभऱ्यात येणार. मग पुन्हा जागली, पुन्हा तार.

कोणी म्हणेल, त्याग गरिबानेच का करायचा? प्रश्न बरोबर आहे. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला. काटेपूर्णा आणि कारंजा-सोहोळ ही दोन्ही अभयारण्यं त्याच्या वाटेत आली, तरी 701 किलोमीटरच्या त्या रस्त्याला वाट मिळाली. जनावरांसाठी खालून-वरून मार्ग ठेवू, असं सांगितलं आणि काम झालं. रस्ता आणि जनावर सोबत राहू शकतात, असं सरकारला वाटतं. मग दोन एकर कसणारा माणूस आणि जनावर सोबत राहू शकत नाहीत, असं कोणत्या तोंडाने म्हणता?

कायदाही हेच सांगतो, आणि हा भाग गावात मोठ्याने वाचून दाखवा. वनहक्क कायदा 2006, कलम 4(2): वन्यजीवांसाठी माणसांचे हक्क बदलायचे असतील तर सोबत राहण्यासारखा दुसरा वाजवी मार्ग उरलेला नाही, हे सरकारने आधी ठरवलं पाहिजे, आणि ग्रामसभेची खुली, समजून-उमजून दिलेली संमती घेतली पाहिजे. कलम 5: जंगल आणि वन्यजीव राखण्याचा आणि त्यांना अपाय करणारं काम थांबवण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. हा अधिकार आहे तसं ते कर्तव्यही आहे. आणि याच कायद्याने शिकारीचा हक्क दिलेला नाही, हेही लपवू नका. उद्या सामूहिक दाव्याच्या सुनावणीत कोणी विचारलं, 'तुम्ही जनावरं राखता म्हणता, मग धुऱ्यावर करंट कोणाचा?' तर आपण काय उत्तर देणार? एका तारेमुळे साऱ्या गावाचा दावा कमजोर होतो.

सोबत राहणं जमतं, हे आपल्या भागाने पाहिलेलं आहे. 2019 साली टिपेश्वरचा एक वाघ गळ्यात पट्टा घेऊन निघाला आणि हजारावर किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. तो काही जंगलाजंगलाने गेला नाही, तेवढं जंगल मधे आहेच कुठे? तो बहुतेक रात्रीचा, कास्तकारांच्या वावरांतून, नाल्यानाल्याने गेला. कितीतरी गावं झोपेत होती आणि तो धुऱ्यावरून निघून गेला. त्या वाटेवर एका जागी जरी करंटची तार आडवी असती तर ही गोष्ट सांगायला उरली नसती.

म्हणून पेरणीआधीच्या ग्रामसभेत आपल्या प्रत्येक गावाने ठराव घ्यावा, असं आम्ही सुचवतो.

एक, गावाच्या शिवारात कोणीही कुंपणात वीज सोडणार नाही आणि डुकरांसाठी कणकेत बारूद घालून गोळे ठेवणार नाही. तो गोळा डुकरापेक्षा आपल्याच गाईच्या तोंडात फुटतो. झटका मशीन वेगळी, तिचा धक्का बसतो पण जीव जात नाही. तिच्यासाठी अनुदान मागायचा अर्ज गावाने मिळून द्यावा.

दोन, जागली एकेकट्याने नको. धुऱ्याला धुरा लागून असलेल्यांनी पाळी लावावी. ज्याच्या घरी माणूस कमी, विधवा बाई किंवा म्हातारं माणूस, त्यांच्या वावराची पाळी बाकीच्यांनी वाटून घ्यावी.

तीन, माळावरचा एक पट्टा ग्रामसभेने नांगराबाहेर ठेवावा. पावसाळ्यात तिथे ढोरं सोडू नयेत, गवत दिवाळीनंतर कापावं आणि सारखं वाटून घ्यावं. चारा आपला, अंडी पाखराची. कोणता पट्टा, किती, हे गावाने ठरवावं, साहेबाने नाही.

चार, बिनकठड्याच्या विहिरींना निदान काट्याची वई घालावी. सोंगणी करताना गवतात पाडस दिसलं तर उचलून घरी आणू नये. ते टाकून दिलेलं नसतं. माय आसपासच असते, आपण निघून जायची वाट पाहत.

आणि सरकारकडे एकच मागणी: जो कसतो आणि राखतो त्याला सातबारा द्या, आणि तोपर्यंत बिनसातबाऱ्याच्या पिकाचाही पंचनामा करा.

तार लावणाऱ्या आपल्या साथीने ती स्वतःच्या हाताने गुंडाळून ठेवली आहे. आता तो जागलीला जातो, आणि पाळीने आमच्यातला एक जण त्याच्यासोबत जातो. या वर्षी त्याचं नुकसान झालंच नाही, असं नाही. झालं. त्याच्या कणगीत कमी पडलेली ज्वारी चार घरांनी मिळून भरून दिली. तुमच्या गावात काय ठरलं ते आम्हाला कळवा, पुढच्या अंकात छापू.

जोहार!