चिंचोक्यांतलं गणित

मैत्रिणींनो, आपला धाराशिव जिल्हा खो-खोचा. इथल्याच सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला संघानं २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा आपल्या सगळ्यांचीच मान ताठ झाली. पण आपली स्वतःची लेक दहावीत गेली की पहिला हुकूम काय निघतो? ‘आता खेळबिळ बंद. अभ्यासाला बस.’ भाऊ मात्र संध्याकाळी बॅट घेऊन निघतोच!

खेळ म्हणजे अभ्यासातून चोरलेला वेळ, ही समजूत आपल्या मनात घट्ट बसली आहे. ती खरी आहे का, हे पाहायला लांब जायला नको. आपल्या लहानपणचा तो पाच-पाच घरांचा पट आठवा. कुणी त्याला चौका-बारा म्हणतं, कुणी चल्लस-आठ. फरशीवर खडूनं आखायचा, चिंचोके फोडून, घासून त्यांची एक बाजू पांढरी करायची आणि चार चिंचोके टाकायचे. जितके पांढरे तितकी घरं. सगळे काळे पडले तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा डाव. दुपार कशी सरायची, कळायचंही नाही.

आता दहावीचं बीजगणिताचं पुस्तक उघडा. त्यात ‘संभाव्यता’ नावाचा धडा आहे. नाव ऐकूनच मुली घाबरतात. पण प्रश्न तोच, जो आपण पटावर रोज विचारायचो : आठ का पडत नाहीत आणि दोनच सारखे का पडतात?

प्रत्येक चिंचोका दोनच प्रकारे पडतो, पांढरा किंवा काळा. चार चिंचोक्यांचे मिळून सोळा प्रकार होतात. त्यात चारही काळे पडण्याचा प्रकार एकच, चारही पांढरे पडण्याचाही एकच. एक पांढरा पडण्याचे चार, तीन पांढरे पडण्याचे चार. आणि दोन पांढरे पडण्याचे मात्र तब्बल सहा. म्हणून दोन सारखे पडतात! १, ४, ६, ४, १ ही ओळ आपल्याकडे दहाव्या शतकातल्या हलायुधानं समजावलेल्या ‘मेरुप्रस्तारा’तही सापडते.

खरी गंमत पुढे आहे. लेकीला शंभर वेळा चिंचोके टाकायला सांगा आणि वहीत रेघा मारून नोंद ठेवायला लावा. पुस्तकातला हिशेब आणि तिची नोंद तंतोतंत जुळणार नाही. का? कारण चिंचोका काही नाण्यासारखा दोन्हीकडून सारखा नसतो. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. ‘मग पुस्तक खोटं का?’ असं तिनं विचारलं, की समजा तिचं गणित सुरू झालं.

मात्र एक सांगायला हवं. नुसता पट मांडून दिला म्हणजे शिकणं होत नाही. डाव संपल्यावर ‘असं का झालं?’ हा प्रश्न यायलाच हवा. शाळेत तो बाईंनी विचारावा, घरी आपण. उत्तर आपल्याला आलं नाही तरी बिघडत नाही. दोघींनी मिळून शोधावं. विषय आणि विषयाबाहेरचे उपक्रम यांच्यात भिंत नको, असं २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगतं. पण धोरण कागदावर राहतं, पट तर आपल्या हातात आहे.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारील. गणितात नापास झालेला मुलगा पुन्हा परीक्षेला बसतो. मुलगी नापास झाली की घरी बसते, आणि घरी बसली की स्थळं पाहायला सुरुवात होते. गणिताची भीती तिला फार महाग पडते, बायांनो.

आणि ‘मला बाई गणितातलं काही कळत नाही’ असं म्हणणाऱ्या आयांनाही सांगावंसं वाटतं. कुठली सोंगटी पुढे काढायची आणि कुठली फुलीच्या घरात राखायची, हा हिशेब तुम्ही वर्षानुवर्षं मनातल्या मनात केला आहे. तो गणितच होता, फक्त कुणी तसं म्हटलं नाही.

आज रात्री जेवणं उरकली की खडू शोधा. अर्ध्या तासानं लेकीचा अभ्यास बुडणार नाही.