रोगप्रतिबंधाचा जमाखर्च

बोरघाटातून १८६३ मध्ये आगगाडी वर आली आणि लोणावळ्याची हवा ही विकाऊ वस्तू झाली. मुंबईच्या दमट उकाड्याने गांजलेली सुखवस्तू कुटुंबे हवापालटासाठी येथे येऊ लागली. बंगले उठले, मागाहून हॉटेले आली आणि चिक्कीची दुकाने मांडली गेली. पुढे १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी याच गावी कैवल्यधामची स्थापना केली. आसने व प्राणायाम यांचा शरीरावर नेमका कोणता परिणाम होतो हे श्रद्धेवर न सोडता क्ष-किरण आणि दाबमापक यंत्रे लावून पाहावे, हा त्यांचा आग्रह होता. रोग झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो होऊ नये म्हणून देह राखावा, हा विचार लोणावळ्याला शंभर वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. प्रश्न एवढाच की, हा विचार कैवल्यधामच्या आवारातून निघून अंदर मावळातल्या वाडीपर्यंत पोचला काय?

मावळ हा पावसाचा तालुका. एकट्या लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी १९१५ पासून खोपोलीला उतरून मुंबईसाठी वीज निर्माण करीत आले आहे आणि पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवडची तहान भागविते. तरीही पठारावरच्या काही वस्त्यांतील स्त्रियांना चैत्र-वैशाखात हंडा घेऊन झऱ्याची वाट धरावी लागते. मृगाचा पहिला पाऊस झाला की उतारावरची सारी घाण विहिरीत आणि ओढ्यात उतरते. मग जुलाब, उलट्या, कावीळ यांचा हंगाम सुरू होतो. भात लावणीचे दिवसही नेमके तेच. घरातील कर्ता माणूस आठवडाभर अंथरुणाला खिळला तर बुडते ती आठवड्याची मजुरी नव्हे, तर वर्षाचे पीक.

यावर उपाय अज्ञात आहे असे मुळीच नाही. ज्याला ग्रामपंचायतीत ‘टीसीएल’ म्हणून ओळखतात ती ब्लीचिंग पावडर योग्य प्रमाणात पाण्यात मिसळावी, अर्धा तास थांबावे आणि ओटी चाचणीने नळाच्या अखेरच्या टोकाला क्लोरीन उरला आहे की नाही ते पाहावे. पाणी पिवळसर झाले तर काम झाले. एवढे सोपे असूनही ते चुकते. पावडरीचे पोते दमट कोठीत उघडे पडून राहते, तिच्यातील क्लोरीन उडून जातो आणि नंतर विहिरीत पडतो तो जवळजवळ निव्वळ चुना. नोंदवहीत मात्र शुद्धीकरण झालेले असते. महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याने पाणी किती धोक्याचे आहे हे दाखविण्यासाठी ग्रामपंचायतींना लाल, पिवळे व हिरवे कार्ड देण्याची पद्धत घातली आहे. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे गावातील किती शिक्षकांना सांगता येईल?

येथे अर्थशास्त्रातील एक जुनी अडचण आडवी येते. रोग झाला म्हणजे त्याचे बिल हाती पडते. जो झालाच नाही त्याचे बिल कोणी दाखवू शकत नाही. रुग्णालयाच्या कोनशिलेवर नाव कोरता येते, वेळेवर टाकलेल्या पावडरीवर कोणाचे नाव कोरणार? शिवाय स्वच्छ विहिरीचा लाभ साऱ्या गावाला होतो, म्हणून तिची काळजी वाहण्याची निकड एकट्या कोणालाच भासत नाही. दुखण्याचा खर्च मात्र ज्याचा त्याला सोसावा लागतो. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे ३९ टक्के रक्कम कुटुंबांनी आपल्या खिशातून भरली. पूर्वीच्या मानाने हे प्रमाण उतरले आहे, हे खरे. पण ज्याच्या घरी रोख शिल्लक नाही त्याच्या बाबतीत हा ‘खिसा’ म्हणजे सावकार किंवा गहाण टाकलेला दागिना असतो.

आरोग्यशिक्षणाच्या व्याख्यानांत या हिशेबाची दखल क्वचितच घेतली जाते. पाणी उकळून प्या, असे सांगणे फार स्वस्त आहे. पाच माणसांच्या घराचे पिण्याचे पाणी रोज उकळायचे तर गॅस किंवा सरपण हवे, ते निवविण्यास भांडी हवीत आणि एवढा उपद्व्याप करणारी बाई दिवसभर भातखाचरात वाकलेली नसावी. सल्ला देणाऱ्याचा खर्च शून्य आणि ऐकणारीचा रोज तासभर! वस्तुतः विहिरीपाशी एका माणसाने दहा मिनिटांत करावयाचे काम शंभर चुलींवर वाटून देणे याला आरोग्यप्रसार म्हणावे की जबाबदारीची टाळाटाळ, याचा विचार व्हावयास हवा. हे केवळ खेड्यापुरते नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा सुशिक्षित वसाहतींनाही आपल्या नळाच्या उगमाची चौकशी करावी लागली.

कुटुंबाने काहीच करू नये, असा याचा अर्थ नव्हे. रक्तदाब आणि मधुमेह यांच्यावर विहिरीत टाकता येईल अशी पावडर नाही. द्रुतगती मार्ग झाला, तळेगावची औद्योगिक वसाहत वाढली, जमिनींना भाव आला. ज्या घराने शेत विकले त्याच्या अंगणात मोटारसायकल उभी राहिली. अंगमेहनत गेली, पण ताटातला भाताचा ढीग नांगरणीच्या काळातलाच राहिला. शिक्षक व कारकून यांची स्थिती याहून निराळी नाही. दोन मैल चालणे, मीठ हात राखून घेणे, तंबाखूची पुडी दूर ठेवणे आणि चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब मोजून घेणे, हे ज्याचे त्यालाच करावे लागेल. कुवलयानंदांचा आग्रह येथे उपयोगी पडतो: मोजावे आणि मग बोलावे.

मोजण्याचे व समजावण्याचे हे काम गावातलीच व्यक्ती करू शकते, हे महाराष्ट्राने साऱ्या जगाला दाखविले आहे. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. आठ वर्षांनी आल्मा-आटा येथे जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला तेव्हा जामखेडचा अनुभव हाताशी होता. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ नेमल्या, त्या याच विचारातून. परंतु त्यांना स्वयंसेविका म्हणावयाचे, नियमित वेतनाऐवजी कामागणिक मोबदल्यावर राबवायचे आणि त्याच वेळी प्रत्येक नव्या सर्वेक्षणाचा भार त्यांच्याच शिरावर टाकायचा, ही काटकसर अखेर महाग पडते. नाणे मावळात भर पावसात दोन वस्त्यांमधील अंतर चालून जाणारी सेविका दमली, तर तिच्या जागी उभे राहण्यास दुसरे कोणी नसते.

पैसा अजिबात नाही, ही सबबही पूर्णपणे टिकत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिला होता. तो कोठे खर्ची पडला हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे, आणि जमाखर्च वाचता येणारी माणसे, म्हणजे शाळामास्तर, कारकून, महाविद्यालयात जाणारी मुले, प्रत्येक गावात आहेत. १ मेची ग्रामसभा पावसाळ्याच्या तोंडावर येते. त्या दिवशी पावडरीचा साठा किती व किती जुना आहे, तो कोठे ठेवला आहे, ओटी चाचणीची वही कोणाकडे असते आणि गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, एवढे चार प्रश्न विचारून त्यांची उत्तरे इतिवृत्तात लिहून घेता येतील.