पाचगणीची पाच पोरं



गेल्या महिन्यात जांबोटीहून वहिनींचा फोन आला. वहिनी एरवी फोन करतात तो फणस पाठवलाय हे सांगायला, नाहीतर कुणाच्या लग्नाची तारीख कळवायला. या वेळी आवाज वेगळा होता. "भाऊजी, तुम्हीच सांगा की याला जरा. बँड काढलाय म्हणे. दहावी आहे, खरं याला काय त्याचं?" (सीमाभागाबाहेर वाढलेल्या आपल्या मुलांसाठी सांगतो, आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. घरात आजी असेल तर तिला विचारा.)

हा म्हणजे माझा पुतण्या. आठवडाभर बेळगावात मावशीकडे राहून शाळा करतो आणि शनिवारी गावी येतो. बँडमध्ये चौघं जण. एकाच्या घरी कन्नड, एकाच्या घरी कोंकणी, दोघांकडे मराठी. दोन गिटारी आहेत, ड्रमसेट परवडत नाही म्हणून रंगाचे रिकामे डबे आहेत. सरावाची जागा म्हणजे आमच्या घरामागची गोठ्याची खोली. म्हशी विकून सहा वर्षं झाली, त्यामुळे तक्रार करणारं तिथं कुणी नाही. तक्रार आहे ती फक्त वहिनींची.

समजावण्याचं काम माझ्याकडे का आलं, तर मी बीई झालेला, पुण्यात आयटीत नोकरी करणारा, हप्ते वेळेवर भरणारा काका. आमच्या घरात 'अभ्यास केला की काय होतं' याचा नमुना म्हणून मला दाखवतात. याच नमुन्याची अकरावीतली गिटार बारावी सुरू होताना माळ्यावर गेली आणि परत कधी खाली आली नाही, हे घरात कुणी काढत नाही. मीही काढत नाही.

तर पुढच्या शुक्रवारी गाडी काढली. वाटेत सुरूर फाट्याला नेहमी सरळ जातो, त्या दिवशी उजवीकडे वळलो. वाई, पसरणीचा घाट आणि वर पाचगणी. दीड-दोन तासांचा खोळंबा झाला, पण पोराला काय सांगायचं हे ठरवायला वेळ हवा होता. आणि बँड काढणाऱ्या शाळकरी पोरांची मला माहीत असलेली सगळ्यात नामी गोष्ट पाचगणीतच घडलेली आहे.

पाचगणी म्हटलं की आपल्याला स्ट्रॉबेरी आणि टेबललँड आठवतं. इंग्रजांना आठवायची ती हवा. त्या हवेसाठी त्यांनी तिथं निवासी शाळा काढल्या. त्यातली सेंट पीटर्स ही १९०४ सालची. १९५० च्या दशकात झांझिबारहून, म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या बेटावरून, आठ वर्षांचा एक पारशी मुलगा या शाळेत दाखल झाला. नाव फारुख बलसारा. वडील तिथल्या ब्रिटिश कचेरीत रोखपाल. बोटीचा प्रवास इतका लांबचा की आईवडिलांची भेट वर्षानुवर्षं पडायची नाही. सुट्टीत मुंबईला नातेवाइकांकडे जायचं, एवढाच काय तो घरचा वास. तोंडात चार दात जास्तीचे असल्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. पोरांनी नाव ठेवलं 'बकी'. शाळेतली पोरं सगळीकडे सारखीच.

हाच पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला, 'क्वीन' बँडचा गायक. २०१८ चा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पण मला आज त्याच्या लंडनबद्दल नाही, १९५८ च्या पाचगणीबद्दल सांगायचंय.

त्या वर्षी शाळेतल्या पाच पोरांनी मिळून बँड काढला, 'द हेक्टिक्स'. ब्रूस मरे, डेरिक ब्रांच, फरांग इराणी, व्हिक्टरी राणा आणि फारुख. फारुख तेव्हा बारा वर्षांचा. गायक कोण? ब्रूस मरे. फारुख बाजूला पियानोवर. ज्या गळ्यासाठी पुढे १९८५ साली लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये सत्तर हजारांच्या आसपास माणसं एका तालात टाळ्या वाजवणार होती, तो गळा पाचगणीत मागून साथ देत होता. मला ही गोष्ट फार आवडते. कुणाचं काय आहे हे बाराव्या वर्षी मित्रांना कळत नाही, शिक्षकांना कळत नाही आणि ज्याचं आहे त्यालाही कळत नाही.

पियानो मात्र तो रीतसर शिकत होता. शाळेनं त्याचा कल पाहून घरी कळवलं, थोडी जास्तीची फी भरलीत तर पियानो शिकवू. घरच्यांनी भरली. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तो तसंच जाऊन वाजवून दाखवायचा, असं त्याच्या सोबत्यांनी नंतर सांगितलंय. रेडिओ म्हणजे अर्थात सिलोन. आपल्या आजोबांच्या पिढीनं बिनाका गीतमाला ज्या स्टेशनवर ऐकली, त्याच स्टेशनवर इंग्रजी गाणीही लागायची. एल्व्हिस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, आणि १९५८ सालीच पहिली रेकॉर्ड आलेला क्लिफ रिचर्ड. हेक्टिक्सची पोरं ही गाणी शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायची. जवळच्या मुलींच्या शाळेतून श्रोते यायचे आणि ओरडायचे. बँड काढण्यामागचं निम्मं कारण तेच असावं. माझ्या गिटारीमागेही तेच होतं, उगाच खोटं कशाला बोला.

रॉक अँड रोल त्या वेळी अगदी परका होता असंही नाही. आदल्याच वर्षी, १९५७ ला, 'आशा' सिनेमात 'ईना मीना डिका' आलं होतं. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. किशोरकुमार आणि आशा भोसले या दोघांनी ते वेगवेगळं गायलंय. म्हणजे नगर जिल्ह्यातल्या माणसानं रॉक अँड रोल हिंदीत आणला आणि सातारा जिल्ह्यातली पोरं तो इंग्रजीत वाजवत होती. 'हे आपलं नव्हे' म्हणणाऱ्यांना मी हे दोन जिल्हे सांगतो.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. फरांग इराणीकडे बास गिटार नव्हती. त्या काळी पाचगणीत ती कुठून येणार? म्हणून बास बनवला चहाच्या खोक्याचा. चहा परदेशी जायचा तो प्लायवूडच्या खोक्यांतून. असं खोकं उलटं ठेवायचं, त्याच्या पाठीतून एक दोरी ओवायची आणि दोरीचं दुसरं टोक एका काठीला बांधायचं. काठी मागे ओढली की दोरी ताणते आणि सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. खोकं पोकळ, त्यामुळे आवाज घुमतो. इंग्लंडात त्याच सुमाराला पोरांमध्ये याची साथच आली होती. लिव्हरपूलमध्ये जॉन लेनननं १९५६ साली शाळकरी दोस्तांचा 'क्वारीमेन' काढला, त्यातून पुढे बीटल्स झाले. त्यांच्याकडेही चहाचं खोकंच होतं. पोरं लिव्हरपूलची असोत की पाचगणीची, खिशात पैसे सारखेच नव्हते.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे आपण कुठंतरी बघितलंय. आणि मग लख्खकन आठवलं. चौंडकं! सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवरची माणसं आपण सगळ्यांनी लहानपणी दारात पाहिलीत. एका बाजूला कातडं लावलेलं पोकळ नळकांडं, काखेत धरलेलं. कातड्यातून निघालेली तार दुसऱ्या हातातल्या मुठीला बांधलेली. मूठ ओढली की सूर चढतो, सोडली की उतरतो. तेच यंत्र. फरक एवढाच की चौंडकं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आणि फरांगचं खोकं चहा संपल्यावर रिकामं झालेलं.

पाचगणीत शाळेच्या आत काही गेलो नाही. बाहेर रस्त्याकडेला गाडी लावून चहा घेतला. धुकं होतं. चहावाल्याला विचारलं, फ्रेडी मर्क्युरी इथलाच ना? तो म्हणाला, "होय, विचारतात लोक. चहात साखर किती?"

अभ्यासाचं काय, हा वहिनींचा प्रश्न तोंडावर होताच. तर त्याच १९५८ साली फारुखला शाळेचं कनिष्ठ गटातलं अष्टपैलू विद्यार्थ्याचं बक्षीस मिळालं होतं. टेबल टेनिस चांगलं, चित्रकला चांगली. पण हे अर्धंच झालं. शेवटच्या वर्षांत तो अभ्यासात मागे पडला आणि काही गाजावाजा न होता पाचगणी सोडून गेला. १९६४ च्या जानेवारीत झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि बलसारा कुटुंबाला सगळं सोडून इंग्लंड गाठावं लागलं. तिथं त्यानं कलाशाळेतून ग्राफिक डिझाइनची पदविका घेतली. क्वीनचं बोधचिन्ह त्यानंच काढलेलं आहे. म्हणजे मी पोराला 'बघ, अभ्यास केला म्हणून तो मोठा झाला' असंही सांगू शकत नव्हतो आणि वहिनींना 'बघा, अभ्यास न करता झाला' असंही.

संध्याकाळी बेळगाव ओलांडून जांबोटीच्या रस्त्याला लागलो तेव्हा पाऊस सुरू झालेला. घरी पोचलो तर लाइट गेलेली. ॲम्प्लिफायर बंद, त्यामुळे बँडही बंद. चारही पोरं सोप्यात भजी खात बसलेली. वहिनींनी मला डोळ्यांनी खुणावलं, बोला. मग मी वरची सगळी गोष्ट सांगितली.

पुतण्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, बाकीच्या चौघांचं काय झालं?"

हा प्रश्न मला गाडीत सुचला नव्हता. मी त्या एकाचीच गोष्ट घेऊन आलो होतो. पण जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. ड्रम वाजवणारा व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात गेला, मेजर जनरल झाला आणि १९९९ च्या अखेरीला सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख झाला. डेरिक ब्रांच इंग्लंडात नट झाला. तिथल्या एका विनोदी मालिकेत त्यानं दवाखान्यातल्या नर्सचं काम केलं आणि त्या पात्राचं आडनाव चक्क गुप्ते होतं! फरांग इराणी हॉटेलच्या धंद्यात शिरला. आणि गायक ब्रूस मरे, ज्याच्यामागे फारुख उभा राहायचा, तोही इंग्लंडला गेला. प्रसिद्ध झाला नाही.

"मग त्यांना वाईट वाटलं असंल?" कोंकणी घरातला पोरगा म्हणाला.

"कुणास ठाऊक. म्हातारपणीसुद्धा त्या बँडबद्दल विचारलं की सांगत बसायचे, एवढं खरं."

वहिनी इतका वेळ दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "आणि तुमची गिटार कुठाय भाऊजी?" मी म्हटलं, माळ्यावर असेल. त्या म्हणाल्या, "माळ्यावर नाही. ती गोठ्यात आहे. यानंच काढली. दोन गिटारी म्हणताय ना, त्यातली एक तुमचीच."

तारा नव्या बसवल्या होत्या. लाकडाला एका बाजूला वाळवी लागलेली, पण आवाज ठीक होता. मला तीन सूर आठवले, चौथा आठवला नाही. पुतण्यानं माझी बोटं धरून जागेवर ठेवली.

मग रात्री वाटाघाटी झाल्या. सराव शनिवारी दोन तास, रविवारी दोन तास. बेळगावात आठवड्यात गिटारीला हात नाही. गणित आणि विज्ञानाचे पेपर दर पंधरा दिवसांनी सोडवून फोटो मला पाठवायचे, मी तपासणार. सहामाहीत पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली आला तर फेब्रुवारी-मार्च बँड बंद. पुतण्या सत्तरवर अडून बसला होता, वहिनी ऐंशीवर. रंगाचे डबे संध्याकाळी सातनंतर वाजवायचे नाहीत, कारण शेजारच्या आजोबांचा हरिपाठ असतो. गणपतीत मंडळापुढे दोन गाणी वाजवायला वहिनी तयार झाल्या, पण त्यातलं एक मराठी हवं. पोरं म्हणाली, एक कन्नडही घेऊ, नाहीतर त्याची आई ऐकायला येणार नाही.

बास गिटारीचा प्रश्न राहिला. नवी घ्यायची तर आठ-दहा हजार जातात. मी म्हटलं, दिवाळीच्या बोनसनंतर बघू. सकाळी उठून पाहतो तर चौघंही किराणा दुकानातून आणलेलं एक लाकडी खोकं उलटं घालून बसलेले, आणि पुतण्या विचारतोय, "काका, दोरी नायलॉनची चालंल का सुतळीच पाहिजे?"